पलंगाला जोडायची कॉट

मी, खाली सही करणारी, लॉन्ड्रीची मालकीण, वय सत्तरीला टेकलेलं, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणलं गेलं नाही असं नाही. त्याचा परिणाम उलटा झाला, एवढंच. पोटातली गाठ आता औषधाला जुमानत नाही, असं डॉक्टरांनी मला नुकतंच सांगितलं. घरात हे अजून कुणाला ठाऊक नाही. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही, असा दाखला मी त्यांच्याकडून घेऊन सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तसा कागद कुणी पुढे केलाच तर तो माझा समजू नये.

१. या कागदात "थोरला" म्हणजे माझा मोठा मुलगा, विम्याचं काम करतो. "थोरली" ही त्याची बायको. "धाकटा" म्हणजे माझा लहान मुलगा, लिफ्ट दुरुस्त करायचा. तो या हिवाळ्यात कामावर असताना लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला. "धाकटी" म्हणजे त्याची बायको, औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिचे दिवस भरत आले आहेत.

२. खाली दुकान आणि वर घर, ही सगळी वास्तू माझी स्वकष्टार्जित आहे. नवऱ्याचा त्यात वाटा पाटीपुरता. पाटीवर तो आणि इस्त्रीपाशी मी, असा आमचा संसार झाला. तो वारल्यावरही पाटी तशीच ठेवली, कारण गिऱ्हाइकांना पाटी नको असते, कपडे हवे असतात. तेव्हा "वडिलांचं घर" म्हणून कुणी हक्क सांगायला येऊ नये.

३. दुकान, त्यातलं सामान आणि गिऱ्हाइकं मी थोरल्याला देते. आई लॉन्ड्री चालवते हे तो लोकांना "आईचा बिझनेस आहे" असं सांगतो. आता त्याने स्वतः चालवून पाहावी. दोन जड इस्त्र्या आणि मोठं टेबल मात्र आमच्या इस्त्रीवाल्याला द्यावं. त्याच्या उजव्या खांद्यातून कळ येते ती माझ्याच दुकानाची देणगी आहे, तिच्या जोडीला काहीतरी बरंही मिळू दे.

४. मागच्या कपाटात लोकांनी न नेलेले कपडे आहेत. वर्षभर वाट पाहून ते गरजूंना वाटावेत. एक लग्नाचा कोट आहे, त्याचा मालक येईल असं मला वाटत नाही. एक तर लग्न मोडलं असेल किंवा पोट सुटलं असेल. त्याच दांडीवर शेवटी धाकट्याचे कामाचे कपडे आहेत. आदल्या दिवशी धुवायला टाकून गेला होता. मी धुतले, इस्त्री केली, पण वर नेऊन ठेवायचा धीर झाला नाही. धाकटीने मागितले तर द्यावेत. आपणहून तिच्या हातात नेऊन देऊ नयेत.

५. माझ्या नणंदेला काही नाही. धाकट्याच्या दुखवट्याला येऊन तिने पोटुश्या पोरीच्या तोंडावर, "आता हे मूल होऊन तरी काय," असं म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिची छत्री आमच्या दाराआड आहे, तेवढी परत करावी.

६. वरच्या मजल्यावरची जिन्यालगतची खोली, तिच्या न्हाणीघरासह आणि जिन्यावर उघडणाऱ्या स्वतंत्र दारासह, मी धाकटीला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. स्वयंपाकघर दोघी सुनांचं सामाईक राहील. कारणं लिहायची गरज नसते, असं वकील म्हणाले. मला आहे.

आधी हे स्पष्ट करते की ती मला कधी फारशी आवडली नाही. मोजकं बोलते. माझ्या विनोदांना हसत नाही. ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकते, आणि लॉन्ड्रीवालीच्या घरात राहून चुरगळलेल्या ओढणीने कामावर जाते. धाकट्याने तिच्यात काय पाहिलं ते त्यालाच माहीत, आणि आता विचारायची सोय उरली नाही.

धाकटा गेला त्या दिवशी घरात माणसं मावेनात. बसायला जागा हवी म्हणून थोरल्याने त्या खोलीतला पलंग खोलला. खोलताना तो रडत होता, हेही इथे लिहायला हवं. फळ्या गच्चीच्या जिन्याखाली गेल्या आणि गादी जमिनीवर आली. माणसं आली तशी निघून गेली, पण पलंग काही परत लागला नाही. आज लावू, उद्या लावू, असं मीही म्हणत राहिले. मग त्या मोकळ्या जागेत थोरल्याचं टेबल आलं. तात्पुरतं. मग प्रिंटर आला. मग जिन्याकडच्या दाराने विम्याची गिऱ्हाइकं येऊन बसू लागली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं म्हणतात. इथे तर ओसरी कुणी दिलीही नव्हती. धाकटी गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची आणि कामावर जायची. संध्याकाळी आली की पसरायची. वाढलेलं पोट घेऊन सकाळी भिंतीला धरून उठायची.

गेल्या महिन्यात आम्ही तिघी बाळासाठी कॉट घ्यायला गेलो. दुकानदार हौशी होता, शर्टाची कॉलर मात्र नुसती हाताने ओढून बसवलेली. त्याने आधी चारी बाजूंनी कठडे असलेली मोठी कॉट दाखवली. धाकटीने मान हलवली. मग त्याने दुसरी पुढे ओढली. तीन बाजूंना जाळी, चौथी बाजू उघडी, आणि ती उघडी बाजू पट्ट्यांनी आईच्या पलंगाला घट्ट जोडायची. बाळाची गादी आणि आईची गादी एका पातळीत येते. उठायला नको, वाकायला नको, हात लांब केला की बाळ. धाकटी पोट सांभाळत तिथल्या पलंगावर कुशीवर आडवी झाली आणि तिने त्या कॉटमध्ये हात ठेवला. तळवा उपडा, गादीवर टेकलेला. बराच वेळ तशीच पडून राहिली. धाकटा गेल्यापासून तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला तो तेवढाच.

"हीच घ्या ताई," दुकानदार म्हणाला. "तुमच्या पलंगाची उंची तेवढी सांगा, त्याप्रमाणे पाय बसवून देतो."

धाकटी उठून बसली. कॉटची पट्टी बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, उंची आठवत असेल. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पलंगच नाही तर ती सांगणार काय.

थोरली म्हणाली, "अगं, ती घडीची घे ना. पिशवीत बसते. कुठेही नेता येते."

"कुठे न्यायचीय?" मी विचारलं.

"तसं नाही हो आई. आपलं ते, बाळंतपणाला माहेरी वगैरे..." आणि थोरली पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"घडीचीच बरी," धाकटी म्हणाली.

धाकटीचं माहेर म्हणजे भावाचं दीड खोलीचं घर. तिथे तिची आई स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपते. घडीची कॉट तिथे उघडायचीही पंचाईत. पण दुकानात चारचौघांत वाद नको म्हणून मी पैसे देऊन मोकळी झाले.

त्यानंतर एका दुपारी मी डॉक्टरांकडून परत आले. गाठीचं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. दुकानात न थांबता वर गेले. जिन्यालगतच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. धाकटी डाव्या हातात उशी घेऊन उभी होती, तान्ह्या मुलाला धरतात तशी छातीशी धरून, आणि उजव्या हाताने ती कॉट घडी करत होती. पायाने कडी दाबायची, मधला दांडा ओढायचा. अडकला की सगळं परत उघडायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. घामाने निथळत होती.

"हे काय चाललंय?"

"सवय करतेय."

"कसली?"

"एका हाताने बंद करायची. दुसऱ्या हातात बाळ असेल ना."

"आणि एवढी कसली घाई असणार आहे तेव्हा?"

तिने उशी खाली ठेवली, अभ्रा सारखा केला.

"कुठेही जायचं नाही तुला," मी म्हटलं. "घर माझं आहे."

"हो आई," ती म्हणाली. "तुम्ही आहात तोवर."

तिने टोमणा मारला नव्हता. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचून दाखवावी तसं सांगितलं. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझं नातवंड अजून पोटात आहे आणि त्याची आई माझ्याच घरात पळून जायची तालीम करते आहे, याची मला लाज वाटली. रागही आला. तिचा आला, थोरल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या गाठीचा आला, कारण तिच्याशी भांडता येत नाही.

थोरल्याला समोर बसवलं. दुखण्याचं सांगितलं नाही, फक्त खोलीचं विचारलं.

"मी काय तिला हाकलतोय का आई?"

"मग टेबल का हलत नाही?"

"हलवू की. बाळ तर होऊ दे, मग बघू. आणि हे बघ, ती तरुण आहे. उद्या दुसरं लग्न करेल, घरात परका माणूस येईल. त्यापेक्षा खोली बाळाच्या नावावर कर. काका म्हणून मी आहे ना, सांभाळीन सज्ञान होईपर्यंत."

हे तो मनापासून बोलला, म्हणून मला जास्त भीती वाटली. माझा थोरला दुष्ट नाही. त्याला मोकळी जागा दिसली की त्याचा हात आपोआप तिकडे जातो, आणि मग तिथे आधी कोण होतं ते तो विसरतो. ती आपणहून गेली तर सुंठीवाचून खोकला गेला, हे त्याच्या मनात आहे. तसं आहे हे त्याला स्वतःलाही कळत नसावं.

७. म्हणून स्पष्ट लिहिते. खोली बाळाच्या नावावर नाही, बाळाच्या आईच्या नावावर आहे. कुणी काका, मामा किंवा पालक तिची व्यवस्था पाहणार नाही. मुलगा झाला, मुलगी झाली, तरी खोली तिची. तिने दुसरं लग्न केलं तरी तिची. आणि इथे माझा हात थांबला, तरी लिहिते: मूल जगलं नाही तरी तिची. ही खोली नातवंडाच्या बदल्यात दिलेली नाही.

वकिलांनी "तहहयात राहण्याचा हक्क" असं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या घरात तहहयात राहणारा माणूस समोरच्याचं तोंड बघून चहा मागतो. मालकाला तसं करावं लागत नाही. तिने खोली विकावी, भाड्याने द्यावी, कुलूप लावून ठेवावी. जायचं असेल तर खुशाल जावं. जावं लागू नये, एवढंच.

खोलीचं हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने आभार मानले नाहीत. जरा विचार करून म्हणाली, "साक्षीदार कोण आहेत?" तेव्हा ती मला पहिल्यांदा आवडली.

८. उरलेलं घर थोरल्याचं. त्याला कमी पडेल असं मी काही केलेलं नाही. टेबल आणि प्रिंटर त्याने माझ्या खोलीत न्यावेत. ती रिकामी होणारच आहे.

९. बँकेतल्या पैशांतून माझा दवाखाना भागवावा, उरतील ते दोघी सुनांना समान द्यावेत. थोरल्याचं टेबल भिंतीकडे सरकवून धाकटीचा पलंग इस्त्रीवाल्याने आज सकाळी लावून दिला. एक बोल्ट हरवला होता, तो त्याने बाजारातून आणला. मी स्वतः टेप धरून उंची मोजली आणि दुकानदाराला कळवली. पलंगाला जोडायची कॉट या आठवड्यात घरी येईल, तिचे पैसे दिलेले आहेत. घडीची कॉट धाकटीचीच आहे. ती ठेवायची, विकायची की माळ्यावर टाकायची हे तिने ठरवावं, आणि तिला त्याबद्दल कुणी विचारू नये.

१०. मी जाईन त्या दिवसाबद्दल. माणसं जमतील. बसायला जागा नाही म्हणून कुणीतरी जिन्यालगतच्या खोलीकडे बोट दाखवेल, आणि थोरला पाना घेऊन उठेल, कारण रडायला आलं की त्याला हाताला काम लागतं. त्याला तिथेच थांबवावं. मला बाहेरच्या खोलीत ठेवावं. तिथे माणसं मावली नाहीत तर जिन्यात उभी राहतील, तिथेही नाही मावली तर रस्त्यावर. पलंग एकदा हलला की परत जागेवर जात नाही. त्या खोलीचं दार वाजवू नये, पाण्यासाठी नाही, माझ्या शेवटच्या दर्शनासाठी धाकटीला बोलवायलाही नाही. तिला यायचं असेल तर ती येईल. बाळ झोपलेलं असेल तर मोठ्याने रडू नये. माझ्यासाठी रडायला पुढे भरपूर दिवस पडलेत.

वरचा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोनदा वाचला, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्यासमोर मी सही केली, आणि माझ्यासमोर त्यांनी.

सही: लॉन्ड्रीची मालकीण

साक्षीदार एक: शेजारचे चष्मेवाले. (अक्षर लावून लावून वाचलं, मगच सही केली.)

साक्षीदार दोन: गल्लीतल्या डॉक्टरीणबाई. (धाकटीनेच सुचवल्या.)

दिनांक: महिन्याचा शेवटचा सोमवार, दुकान बंदचा दिवस.

ठिकाण: धाकट्या सुनेची खोली. तिला विचारून आत बसलो आहोत.