कढीच्या प्रश्नावरून मोडलेलं स्थळ

डोंगरकड्याजवळचा तांडा,
१८ जून २००३

ति. रामसिंग दाजींना मेहुणा लालसिंगचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि पद्माताईचा दमा कसा आहे? इकडे सगळे खुशाल, म्हणजे रविवारपर्यंत होतो.

तुम्ही सुचवलेलं साखरा गावचं स्थळ वेळेवर आलं. मुलाचे वडील फुलसिंग ओट्यावर टेकले, चहाचा कप हातात घेतला आणि आमच्या निताला विचारलं, "कढी जमते का, पोरी?" (हो म्हणायचं आणि आत जायचं, एवढंच काम!) तर ही म्हणाली, "जमते, पण जमिनीच्या पोटात शिजते ती लई भारी." दाजी, मी गारच पडलो. म्हणे, फार खोलात खडक थोडा थोडा वितळतो. तो रस भोवतालच्या दगडापेक्षा हलका, म्हणून भेगांतून वर सरकतो, वाटेत कुठे कुठे साचतो. वर येईल तसा दाब कमी होतो, आतल्या वायूचे बुडबुडे सुटतात आणि तेच त्याला वर ढकलतात. रस कढीसारखा पातळ असला तर कोसच्या कोस पसरतो, पिठल्यासारखा घट्ट असला तर वायू कोंडून स्फोट होतो. आपल्याकडे पातळ होता म्हणे (जसा काही हिनेच वाढला होता).

फुलसिंगांनी घाबरत विचारलं, "आपल्याकडं कुठं आला व्हता?" ही म्हणाली, "तुमी बसलात ना काका, त्यो काळा दगड त्याचाच हाय." पाहुणे असे उठले की कप फुटला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच तो थंड झाला, असं ती सांगत राहिली, पण ऐकतो कोण? किल्लारीचा भूकंप अजून त्यांच्या मनातून गेलेला नाही. जीप निघून गेली. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा त्या दिवशी अंगणातून पाय उचलून उचलून चाललो. पन्नास वर्षं या दगडावर जेवलो, झोपलो आणि मला कुणी सांगितलं नाही! तिची आई रुख्मिणी "काहून शिकवलं तिला इतकं?" म्हणून मलाच बोलून राहिली. तुम्हाला खाली पाहायला लागलं, माफ करा.

ता. क. : निताला नांदेडला भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला आहे. अर्ज मीच भरला होता, स्थळ येण्याच्या आधी. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. त्या विषयात काय असतं ते मलाही रविवारीच कळलं. हादरलो, पण पोरीचा फार अभिमान वाटला. होस्टेल मिळेपर्यंत तिला तिथेच तुमच्याकडे राहू द्या.

ता. क. दुसरं : हे पत्र टपालाने आलेलं नाही. ते घेऊन निताच आली आहे, पेटी धरून तुमच्या दारात उभी आहे. रागवायचं ते माझ्यावर रागवा, पण आधी तिला आत घ्या.