बघ्यांचा जोर

ती. मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. पाठीत उसण भरल्यामुळे तो अर्ध्यावरच थांबला आहे, तेवढा गोड मानून घ्या. (उसण कशाने भरली ते पुढे येईल.) तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि दुपारची झोप अजून रुसलेलीच का? मामी सांगत होत्या, छापखाना बंद झाल्यापासून तुम्ही दुपारभर छताकडे टक लावून पडलेले असता. मामा, वर बघत बसण्याचा मला पगार मिळतो. तुम्ही फुकट बघता हे काही बरोबर नाही.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, मी नेमकी करते तरी काय. तर उपग्रह वर गेला की त्याला जागेवर ठेवायला अधूनमधून ढकलावं लागतं. पूर्वी त्यासाठी त्याच्या पोटात इंधनाची भलीमोठी टाकी भरून द्यायचे. आम्ही विजेवर चालणारं इंजिन बनवतो. उन्हापासून वीज घ्यायची, त्या विजेने चिमूटभर वायू जोरात मागे फेकायचा, की उपग्रह सरकला पुढे. जोर किती, तर तळहातावर कागदाचा एक कपटा ठेवल्यावर जेवढं वजन जाणवेल तेवढा. हसू नका. वर अडवायला हवा नसते, त्यामुळे तो एवढासा रेटा महिनोन्महिने चालू ठेवला की भलं मोठं धूड हलतं. (आजीने आजोबांची सिगारेट याच पद्धतीने सोडवली होती.) आणि सध्या या धंद्याला दिवस फार चांगले आलेत. पूर्वी बसएवढे उपग्रह एकेकटे जायचे, आता कपड्यांच्या पेटीएवढे थव्याने जातात आणि प्रत्येकाला स्वतःचं इंजिन हवं असतं. काम संपलं की कचरा वर ठेवू नका, खाली आणून जाळा, असा तगादाही वाढतोय. म्हणजे परतीच्या प्रवासालाही आम्हीच. झेनॉन नावाचा वायू महाग पडतो म्हणून निम्मे लोक क्रिप्टॉनकडे वळले, त्यात आम्हीही आहोत. आमच्या विक्रीप्रमुखांना आम्ही चढतेराव म्हणतो, कारण त्यांचा बाजाराचा आलेख दर बैठकीत चढतच असतो. गेल्या खेपेला पडदा संपला आणि रेषा भिंतीवरच्या घड्याळावर गेली.

पण आलेख चढला म्हणून आमच्या दारात रांग लागली असं नाही. आलं ते एकच गिऱ्हाईक, थव्याने उपग्रह सोडणाऱ्या एका कंपनीच्या इंजिनियर बाई. त्यांची ऑर्डर मिळाली तर आमचं दुकान तगणार; नाही तर मी येतेच तुमच्याशेजारी छत बघायला. आमची प्रयोगशाळा जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे हवा काढून घेतलेल्या मोठ्या टाकीत इंजिन एका नाजूक काट्यावर झोपाळ्यासारखं टांगतो. त्याने रेटा दिला की काटा सरकतो. बाईंसमोर इंजिन चालू केलं. आत सुंदर निळा उजेड पडला. साहेब, चढतेराव, हिशेबनीस, झाडून सगळे काचेच्या झरोक्याशी जमले, आणि काटा सरकत सरकत अपेक्षेच्या दुप्पट गेला! चढतेरावांना आनंदाने ठसका लागला. साहेबांनी केक मागवला. केक आला तसा सगळा जमाव खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि काटा निम्म्यावर उतरला. चढतेराव बशी घेऊन झरोक्याशी परतले; काटा पुन्हा वर.

मामा, जमीनच झुकत होती! माणसं एका बाजूला जमली की मजला केसभर कलायचा, टांगलेला काटा सरकायचा, आणि आम्ही साहेबांचं वजन इंजिनाच्या नावावर मांडत होतो. बाईंच्या काही लक्षात आलेलं नव्हतं. चढतेराव मला डोळ्यांनी गप्प बसवत होते. पण मला राहवेना, मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. साहेबांना पटेना, म्हणून लोखंडी कपाट ढकलून दाखवलं. काटा कपाटामागोमाग हलला, आणि माझी पाठ गेली. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बाई मात्र खूप वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, निम्मा जोरही मला पुरतो. पण तो न हलणाऱ्या जमिनीवर दाखवा. मी परत येते." त्या दिवसापासून मी हवेत तरंगते आहे, उसणीसकट.

मामींना नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा.

तुमची,
भाची

ता. क. तुमच्या छापखान्याच्या खोलीत मोठ्या यंत्रासाठी जमिनीत खोल ओतून घेतलेला चौथरा अजून आहे ना? शेजारून ट्रक गेला तरी त्यावर ठेवलेल्या तुमच्या चहावर तरंग उठत नसे. यंत्र गेल्यापासून तिथे तुम्ही कुणाला पाऊल ठेवू देत नाही, ठाऊक आहे. तरी विचारते. ती खोली आम्हाला द्याल?

ता. क. २. आमचं इंजिन मुळीच आवाज करत नाही. हवा उपसणारा पंप मात्र मागच्या अंगणात दुपारभर घरघरत राहील. मामी म्हणतात, यंत्र घरघरल्याशिवाय तुम्हाला झोपच लागत नाही.

ता. क. ३. किल्ली मामींनी आधीच दिली आहे, तेव्हा नाही म्हणायचं असेल तर त्यांना म्हणा. टाकी टेम्पोत चढली. पत्र आधी पोचतं की ती, सांगता येत नाही. सोबत चढतेराव आहेत. काटा टांगून झाला की त्यांना त्याच्याशेजारी उभं करा आणि तुम्हीही उभे राहा. काटा जागचा हलला नाही, तर पुढचं आपलं इंजिन बघून घेईल.