पॅकबंद शिंगरं आणि बाहेरचा जिना

मी, श्रीमती सुचिता देवीदास कळंबे, वय सदुसष्ट, राहणार कळंबे जनरल स्टोर्सच्या वर, पांढुर्णा, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. राग आहे म्हणून बाईचं डोकं फिरलं होतं, असं उद्या कोणी कोर्टात म्हणू नये. डोकं शाबूत आहे म्हणूनच राग आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करायला आज घरात कोणी नाहीच. आज पोळ्याची कर, म्हणजे आमच्या गावात गोटमार, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायचा दिवस. माझे धाकटे दीर श्री. भाऊराव आणि त्यांचा मुलगा चेतन जाम नदीवर गेले आहेत, आणि दरवर्षीप्रमाणे जाताना शटरला बाहेरून कुलूप लावून गेले आहेत. आत मी आहे आणि चेतनची बायको शिवानी आहे.

कलम पहिले, घर. वरचा मजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व गच्ची, रजिस्टर वाटणीपत्राने माझे यजमान कै. देवीदास यांच्याकडे व त्यांच्या मागे माझ्या नावे आला. खालचं दुकान आणि त्यामागचं घर भाऊरावांचं. जिना मात्र दुकानातूनच वर येतो, आणि मागच्या घरालाही वेगळं दार नाही. वाटणीच्या वेळी दोघे भाऊ एका ताटात जेवत होते, त्यामुळे जिन्याचं कोणाच्या मनातही आलं नाही. यजमान गेले तेव्हा मला कळलं, की मला घर मिळालं, दार नाही मिळालं.

दुकान उघडं तोवर मी मोकळी. शटर पडलं की मी आत. दुसरी किल्ली मागितली की भाऊरावांचं ठरलेलं उत्तर, "वहिनी, तुमाले कुठं जाचं हाय?" लोधीखेड्याला माझी मोठी बहीण वारली, त्या दिवशी भाऊराव दुकान बंद करून बाकी सगळ्यांना घेऊन एका लग्नाला गेले होते. मी गच्चीवरून ओरडत होते, आणि रस्त्यावरचे लोक मला हाताने खुणावत होते की आज दुकान बंद आहे. भाऊराव परत आले तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. बहिणीचं तोंड मला दिसलं नाही. हे मी विसरले नाही आणि माफही केलेलं नाही, याची नोंद व्हावी.

कलम दुसरे. मला मूलबाळ नाही. मी मृत्युपत्र न करता गेले, तर माझं सगळं यजमानांच्या बाजूला म्हणजे भाऊरावांकडे जाईल, असं वकिलांनी फोनवर सांगितलं. आयत्या बिळावर नागोबा! तसं मी होऊ देणार नाही. वरचा मजला मी माझी पुतणसून सौ. शिवानी चेतन कळंबे हिला देत आहे. तिला एकटीला. चेतन पोरगा वाईट नाही, पण बापापुढे त्याची दातखीळ बसते. शिवानी रामाकोन्याची, बी.एड. झालेली. सौंसरच्या एका शाळेने तिला परवा, सोमवारी, रुजू व्हायला बोलावलं आहे. त्यावर भाऊराव म्हणाले, "आपल्या घरच्या बाया बसनं नाही फिरत." चेतन ताटात पाहत राहिला. तेव्हापासून पोरगी खाली मान घालून काम करते, पण तोंडातून शब्द काढत नाही. तिच्याकडे पाहून माझाच जीव गुदमरतो.

कलम तिसरे, शिंगरं. याबद्दल गावात पुष्कळ हसून झालं आहे, म्हणून नीट सांगते. यजमानांनी फार वर्षांपूर्वी नागपूरच्या इतवारीतून प्लास्टिकच्या शिंगरांचा माल आणला. जांभळी, गुलाबी, फणीने विंचरायला लांब केस. एकही खपलं नाही. आमच्याकडे पोळ्याला पोरांना लाकडी नंदी लागतो, गुलाबी घोडी कोण घेणार? भाऊराव तो माल होळीत टाकायला निघाले होते. मी तो वर नेला. पुढे हातात मोबाइल आला आणि कळलं, की जगात अशी शिंगरं जपणारी माणसं आहेत, आणि आपल्या देशातल्या पाकिटातलं शिंगरू पाहून ती वेडी होतात. मग अदलाबदल सुरू झाली. मी दुपारी पोस्टात जाऊन इथलं एक पाठवायची, तिकडून एक यायचं.

साचा सगळीकडे तोच, घोडी तीच, पण पाकीट दाखवा, मी देश सांगते. माझ्याकडचं अमेरिकेचं शिंगरू जाड पुठ्ठ्यावर, वर फुगीर प्लास्टिक, टांगायला भोक. युरोपातली खोक्यात, पुढे खिडकी, आणि एकच वाक्य पाचसहा भाषांत छापलेलं. इटलीच्या खोक्यावर चित्र वेगळंच. आणि आपलं? पातळ पुठ्ठा, चार पिना, चित्रात निळी घोडी आणि आत जांभळी. त्या गबाळेपणालाच तिकडे मान आहे. मात्र सगळ्या देशांत एक गोष्ट सारखी. शिंगरू मानेला आणि पायाला तार पिळून पुठ्ठ्याला बांधलेलं असतं. पाकीट उघडलं की किंमत गेली.

आता शिवानीच्या हातून झालेलं सांगते. लग्नानंतरचा तिचा पहिला पोळा. आदल्या संध्याकाळी, बैलांच्या खांदेमळणीच्या वेळेला, मी वर आले तर ही बाई माझ्या कपाटासमोर बसलेली. माझ्याकडचं आपल्या पाकिटातलं शेवटचं शिंगरू, जे अदलाबदलीत इटलीच्या एका बाईला कबूल केलं होतं, ते फाडून बाहेर काढलेलं. तार सोडलेली. खांद्यांना हळद-तूप चोळून ती त्याच्या कानात म्हणत होती, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"माय वं! हे काय करून राहिली तू?" मी किंचाळलेच.

ती घाबरून उभी राहिली. "काकू, बांधलेलं होतं जी. आमच्याकडं पोळ्याले कोणतंच जनावर बांधून नाही ठेवत. मले वाटलं, तुम्ही सोडाचं विसरल्या."

मी तिला वाट्टेल ते बोलले. इटलीच्या बाईलाही 'आता जमणार नाही' असं कळवावं लागलं. पण त्या रात्री कपाटाचं दार उघडून बसले, तर सगळ्यांच्या मानेच्या तारा मला दिसायला लागल्या. इतकी वर्षं मी फक्त पुठ्ठे पाहत होते. हळद लागलेलं ते शिंगरू तेव्हापासून माझ्या उशाशी आहे. ते माझ्याबरोबर जाळू नये, प्लास्टिकचा वास सुटतो. ते शिवानीने ठेवावं.

बाकीची पॅकबंद शिंगरंही शिवानीची. तिने ती विकावी. किमतीची चिकटपट्टी खरवडू नये, डांबराच्या गोळ्या ठेवू नये, आणि इटलीच्या बाईशी भाव करताना पहिल्या आकड्याला हो म्हणू नये. आलेल्या पैशातून सगळ्यात आधी रस्त्याच्या बाजूने वरच्या मजल्यावर लोखंडी जिना चढवावा. माझं तेरावं नंतर करा, जिना आधी. दाराची किल्ली शिवानीच्या कमरेला असावी.

कलम चौथे. श्री. भाऊराव यांना, हळदीच्या शिंगराचं फाटकं रिकामं पाकीट. बंद करून ठेवायचा त्यांना अनुभव आहे.

कलम पाचवे. चेतनला त्याच्या काकांचा लाकडी नंदी. त्याला चाकं आहेत. कोणी ओढलं तरच चालतो, हे त्याने लक्षात घ्यावं.

इथवर लिहून मी शिवानीला वाचून दाखवलं. ती दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली. "काकू, हे तुम्ही गेल्यावर नं? आणि सोमवारी?"

खरंच की. मी मरावं, मग जिना व्हावा, मग पोरीने सौंसरची बस धरावी. तोवर शाळेत दुसरी बाई लागून म्हातारी होईल. मला माझाच राग आला. साधं घर देतानासुद्धा मी ते पॅकबंद देऊन राहिले होते.

सबब कलम सहावे, आणि हे मी जिवंतपणी आजच अमलात आणत आहे. साक्षीदार म्हणून मी शेजारच्या मीनाबाई आणि त्यांचे यजमान श्रीकांतजी यांना गच्चीवरून हाक मारली. मीनाबाई शाळेतून रिटायर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना कठडा ओलांडता येईना. कठड्यावर भाऊरावांनी माकडांसाठी म्हणून काचा लावून ठेवल्या आहेत. माकड आजवर एकही अडलं नाही, अडले ती मीच. पलीकडे मीनाबाईंच्या गच्चीवरून जिना थेट रस्त्यावर उतरतो, हे मी रोज कपडे वाळत घालताना पाहत आले. पण लोक काय म्हणतील, या एका भीतीने कधी पाय उचलला नाही.

आज मी माझी गादी त्या काचांवर टाकली. पाट ठेवला, त्यावर चढले. शिवानीने मला मागून कमरेला धरलं होतं. "काकू, टाका पाय. मी आहे नं."

"वहिनी, सावकाश," श्रीकांतजी पलीकडून म्हणाले, आणि मी उतरले. फक्त साडी थोडी फाटली.

मग मी वळून म्हटलं, "शिवानी, तुझे बी.एड.चे कागद आण. आणि ते हळदीचं शिंगरू."

ती तिथेच उभी. "मामाजी काय म्हणतील?"

"म्हणतील, तुले कुठं जाचं हाय. तू सांग, सौंसरले."

ती आत धावली. नदीकडून लोकांचा ओरडा ऐकू येत होता, म्हणजे अजून वेळ होता. ती आली, कागद माझ्या हातात दिले, शिंगरू पदरात खोचलं, आणि माझ्याहून किती तरी हलकी उडी मारून इकडे आली.

ज्याला मिळायचं त्याने साक्ष देऊ नये, असं वकील म्हणाले होते. म्हणून सही होताना शिवानी बाजूला, मीनाबाईंच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आहे. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि यातला एकही शब्द मी भाऊराव आल्यावर बदलणार नाही.

सही : सुचिता देवीदास कळंबे

साक्षीदार : १. मीना श्रीकांत डिगरसे
२. श्रीकांत डिगरसे

दिनांक : २३ ऑगस्ट २०२५, शनिवार
ठिकाण : मीनाबाईंची गच्ची, पांढुर्णा
वेळ : शटर उघडायच्या आधी