माझे फोटो पाहा, फक्त आपल्यासाठी

३ फेब्रुवारी, मंगळवार

सॅन्ड्राचा मेसेज आला! मला! सॅन्ड्राचा!

संध्याकाळी मम्मीच्या सुक्या बोंबलांची पार्सलं पोचवून घरी आलो, फोन बघतो तर सगळ्यात वर तिचं नाव. चर्चच्या गायकांचा, क्वायरचा ग्रुप झाला तेव्हापासून तिचा नंबर माझ्याकडे आहे. नाताळ, ईस्टर, गणपती, दसरा — मी एकही शुभेच्छा सोडलेली नाही. ती अंगठा पाठवते. नुसता पिवळा अंगठा. आज पहिल्यांदा शब्द!

‘माझे फोटो पाहा. फक्त आपल्यासाठी. कॉम्प्युटरवर उघडा.’

आपल्यासाठी! अख्ख्या पाचूबंदरात मला आजवर कोणी ‘आपण’ म्हटलेलं नाही. कॉलेजच्या सरांनी तर ‘ए’ म्हणूनच वर्गाबाहेर काढलं. म्हणजे काढलं नाही, मीच निघालो, ते परत गेलोच नाही. डस्टर आधी सरांनी फेकला होता, हे कोणी लक्षातच घेत नाही.

असो. फाइल उघडली. एक काळी चौकट चमकली आणि गेली. फोटो नाही. परत उघडली. परत काळं. मोठे फोटो असतील, वेळ लागत असेल. आपला कॉम्प्युटरही रविवारपासून जरा रेंगाळतोय — क्वायरचा व्हिडिओ जोडायला फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवलं ना, तेव्हापासून. व्हिडिओ तिला दाखवणार आहे. त्यात ती सगळ्यात जास्त दिसते. बाकी क्वायर कडेकडेला आहे.

उत्तर पाठवलं — ‘पाहतो. आपणही छान आहात.’

वाचलंय तिने. उत्तर नाही. लाजली असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

वाट लागली!!

सकाळी मम्मीने बोंबलांचा भाव कळवायला कॉम्प्युटरवर आपलं चॅट उघडलं. ईस्टरआधीचा उपासकाळ पंधरवड्यावर आलाय, लोक मटण सोडून मासळीकडे वळणार, तिच्या वर्षाच्या सगळ्यात मोठ्या ऑर्डरी आत्ता येतात. ती चहा ठेवायला आत गेली आणि तिच्या नावाने तिच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मेसेज गेला. ‘माझे फोटो पाहा. फक्त आपल्यासाठी.’

बोळिंजच्या एक काकू — ‘लुईझा, फोटो नकोत, बोंबील पाठव.’

नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ — ‘मॅडम, मी विवाहित आहे.’

दुसरे एक गृहस्थ — ‘उघडत नाहीत. परत पाठवा.’

आणि फादर आलोशियस! त्यांचा थेट फोन. “लुईझाबाई, घरी सगळं ठीक आहे ना?”

पप्पा नुकतेच बोटीवरून आले होते. अंगावरची खार पण धुतली नव्हती. “कोनाला फोटो पाठवतेस तू ह्या वयात?”

“तुम्हाला तरी कधी पाठवला काय?” मम्मी म्हणाली. पप्पा आंघोळीला गेले.

तेच शब्द! अक्षर न् अक्षर तेच! म्हणजे सॅन्ड्राने ते लिहिलंच नव्हतं. व्हायरसने लिहिलं. मला ‘आपण’ म्हणाला तो व्हायरस.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर जाहिरातींच्या चौकटीवर चौकटी, पंखा रिक्षासारखा घरघरतोय. मी डब्याला एक लाथ घातली. पंखा थांबला. मग दुप्पट आवाजात चालू झाला.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची दीड वर्षं केली मी. व्हायरसचा विषय बहुतेक शेवटच्या वर्षाला होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मी आज जे केलं ते लिहायला नको. लिहितो.

स्कूटर काढली आणि सॅन्ड्राच्या दारात ओरडतच गेलो. तिचे पप्पा, हिलरी अंकल, ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते.

“काय रे जोएल, आवाज कोनावर?”

“तुमच्या मुलीने पाठवलेल्या व्हायरसने आमचा धंदा बसला!”

ती बाहेर आली. केस ओले. मला क्षणभर राग आठवेना. मग आठवला.

“मी पाठवला?”

“तूच! परवा! माझे फोटो पाहा, फक्त आपल्यासाठी!”

हिलरी अंकलचा हात जाळ्यातच थांबला. “काय फक्त आपल्यासाठी?”

ती लालबुंद झाली. “जोएल, थांब. आधी तू मला—”

“मला काही ऐकायचं नाही! पतपेढीत कॉम्प्युटरवर बसतेस, महिला मंडळाला शिकवतेस, अनोळखी फाइल उघडू नका म्हणून, आणि स्वतः काय करतेस!”

ती वळून आत गेली. मी बाणेदारपणे स्कूटरला किक मारली. लागली नाही. परत मारली. नाही लागली. शेवटी ढकलत निघालो, तिच्या अख्ख्या गल्लीतून. मधेमधे मागे वळून ओरडतही होतो, पण स्कूटर ढकलताना ओरडण्यात जोर राहत नाही.

मागून हिलरी अंकल — “पोरा, पेट्रोलची चावी बंद हाय.”

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तिचा फोन आला! मला नाही. मम्मीला.

“लुईझा आंटी, कॉम्प्युटर कसा साफ करायचा ते सांगते. जोएलला सांगा.”

फोन स्पीकरवर. मी मम्मीच्या बाजूला. तरी —

“ती म्हणते, पहिलं इंटरनेट तोड.”

“ऐकू येतंय मला.”

“तो म्हणतो, त्याला ऐकू येतंय.”

“मलाही ऐकू आलं, आंटी,” सॅन्ड्रा म्हणाली.

मग अख्खा दिवस असाच. नेट तोडलं. कॉम्प्युटरवरचं मम्मीचं आणि माझं चॅट फोनवरून बंद केलं. सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, ती फाइल उघडू नका. विवाहित गृहस्थ जरा खट्टू वाटले. मग सेफ मोड — म्हणजे कॉम्प्युटर फक्त गरजेपुरता जागा होतो, व्हायरसला डोकं वर काढता येत नाही. त्यात तपासणी लावली. व्हायरस सापडला, पुसला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला — परत हजर! परत पुसला. परत हजर!

मी कीबोर्डवर मूठ मारली. एम उडाला. मांजराने नेला.

“त्याला सांगा आंटी, मारून होणार नाही. तो शिरला कुठून, ते शोधायला सांगा.”

“तिला सांग, तिच्याकडून शिरला!”

पलीकडून — “आंटी, मग सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला सांगा. फोटो आणि ऑर्डरी तेवढ्या आधी बाजूला काढून ठेवा. बाकी काही घेऊ नका.”

फोन ठेवल्यावर मम्मी म्हणाली, “किती शांत बोलते पोर. तू कोनावर गेलास?”

नव्या वर्षाचा घर-आशीर्वाद राहिलाय म्हणून फादर आलोशियस संध्याकाळी आले. मम्मीने त्यांना कॉम्प्युटरवरही पवित्र पाणी शिंपडायला लावलं. फादर म्हणाले, “लुईझाबाई, आधी प्लग काढा.”

७ फेब्रुवारी, शनिवार

विंडोज नव्याने टाकलं. पंखा गप्प. किती शांत घर आहे आपलं! समुद्र ऐकू येतो.

आता पासवर्ड. ती म्हणते (मम्मीला), सगळ्यांचे पासवर्ड बदला. आमचा सगळ्यांचा एकच. सेंटपीटर२९०६. कोळ्यांचा संत आणि त्याच्या सणाची तारीख, कोण विसरेल?

“म्हणूनच बदला,” सॅन्ड्रा म्हणाली. “आंटी, अर्ध्या बंदराचा तोच आहे.”

पप्पा ऐकेनात. “संत पीटरला काढनार? मग होडी कोन सांभाळनार?”

“पप्पा, होडीवरून नाही, कॉम्प्युटरवरून काढायचाय.”

“आज कॉम्प्युटर. उद्या होडी.”

शेवटी असं ठरलं की पप्पांनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तसाही त्यांनी तो कधी लावलेला नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचा मान राहिला. मम्मीचा नवा पासवर्ड मी बनवला, लांबलचक, कोणाला सुचणार नाही असा. तिने तो पाठ केला. खिडकीत उभं राहून. मोठ्याने. समोरच्या शर्ली आंटीने एक अक्षर चुकलं ते दुरुस्त केलं.

परत बनवला. वर फोनवर येणारा आकडा टाकल्याशिवाय चॅट उघडणार नाही असंही करून ठेवलं.

शेवटचं एकच काम उरलं होतं. फोनमधला तिचा मेसेज. फाइलसकट पुसून टाकायला सांगितलंय. बराच वेळ बोट त्याच्यावर धरून बसलो. व्हायरस असला तरी वर नाव तिचंच होतं ना? आयुष्यात तिच्याकडून मला आलेली ती एकच वस्तू!

पुसला.

जेवलो नाही. मम्मी म्हणाली, “तळलेला बोंबील हाय.” मग थोडं जेवलो.

८ फेब्रुवारी, रविवार

मिस्साच्या प्रार्थनेनंतर फादरनी घोषणा केली. “ज्या कोणाचा पासवर्ड आपल्या संताच्या नावाने आहे, त्यांनी तो आजच बदलावा. संत पीटर रागावणार नाहीत.” अख्खं चर्च एकमेकांकडे बघायला लागलं. मग खाली. हिलरी अंकलनी तर कान पकडला. क्वायरमध्ये सॅन्ड्रा होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी मोजत नव्हतो, पण एकदाही नाही.

बाहेर रॉबर्ट भेटला. माझा दोस्त. सोमवारी रात्री बोटीवर गेलेला, काल किनाऱ्याला लागला. मी त्याला सगळं सांगितलं, सॅन्ड्राने कसा मला व्हायरस दिला ते.

तो हसायलाच लागला. “तुला? अरे, मला तर तू पाठवलास!”

“कधी?”

“सोमवारी दुपारी. बर्फ भरत होतो बोटीत. माझे फोटो पाहा, फक्त आपल्यासाठी. मी म्हटलं, ह्याचं थोबाड रोज फुकट बघतो, आता खास काय बघायचं?”

मी त्याची कॉलर धरली. त्याने शांतपणे फोन काढून दाखवला. माझं नाव. सोमवार. दुपार.

सॅन्ड्राचा मला आला मंगळवारी.

सोमवार आधी येतो. कितीही राग आला तरी सोमवारच आधी येतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

शिरला तो माझ्याकडून. ते फुकटातलं सॉफ्टवेअर! टाकताना त्याने विचारलं होतं, अँटीव्हायरस बंद करू का? मी म्हटलं, कर बाबा, पण लवकर कर, सॅन्ड्राचा व्हिडिओ आहे. हा व्हायरस आपल्या नावाने मेसेज पाठवतो आणि आपल्या बाजूचा पुसून टाकतो, म्हणून मला पत्ताच नव्हता. ती ‘थांब, आधी तू मला’ म्हणत होती ते हेच सांगायला. आणि मी स्कूटर ढकलत होतो!

आज माझ्या फोनमधल्या प्रत्येकाला फोन लावला. माझी फाइल आली होती का? उघडली का?

शर्ली आंटी — “तुझे फोटो? चष्मा मिळाला नाय.”

क्वायरमास्तर — “मला वाटलं पोलिसांनी काढलेले असतील.”

माझी सख्खी बहीण, नवऱ्याकडे अर्नाळ्याला असते — “ई!”

फादर — “मुला, मी उघडणारच होतो, तेवढ्यात तुझ्या आईचे आले.”

कोणीच उघडली नाही. बरं झालं म्हणायचं. पण एकानेही? मी दिसायला इतका काही हा नाही.

हिलरी अंकलची माफी मागायला गेलो. मान खाली घालून सगळं सांगितलं, चूक माझी म्हणून. जाळ्यातून नजर न काढता म्हणाले, “मला कशाला सांगतोस? मी कॉम्प्युटरला हात पन लावत नाय. जिला ओरडलास तिला सांग. उद्या पतपेढीत असेल.” मग मी निघताना — “ए जोएल, पासवर्ड बदलला मी. सेंटपॉल२९०६. सगळ्यांनी तोच केलाय. सन एकाच दिवशी येतो ना दोघांचा, लक्षात ऱ्हातो.”

१० फेब्रुवारी, मंगळवार

मम्मीचं पासबुक घेऊन पतपेढीच्या रांगेत उभा राहिलो. नंबर आला. सॅन्ड्राने पासबुक घेतलं, मशीनमध्ये सारलं, माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, सॉरी, माझ्याकडून तुझ्याकडे आला, मग तुझ्याकडून परत माझ्याकडे. ती म्हणाली, “मला माहितीये.”

रस्ताभर डोक्यात जे घोळत होतं ते तोंडातून निघून गेलं. “पण अख्ख्या बंदरात माझी फाइल कोणी उघडली नाही. फक्त तू उघडलीस! आणि तू तर सगळ्यांना शिकवतेस, अनोळखी फाइल उघडायची नाही म्हणून!”

मशीन छापत होतं. ती त्याच्याकडेच बघत होती. कान लाल.

“अनोळखी कुठे होती?” म्हणाली.