चिकट भाताचे डोहाळे

१६ जाने., शुक्र.
लोर्ना आजही दोन घास खाऊन उठली. नातसून माझी. सहावा लागला, वजन तेवढंच. काय खावंसं वाटते विचारलं तं मोबाइलवर फोटो दाखवला. तपकिरी भात, बर्फीवानी कापलेला, वरून खरपूस चुरा. बिको म्हणतात म्हणे. तिच्या फिलिपीन्सच्या बेटावरचा. तांदूळ, नारळाचं दूध, गूळ. बस.
म्हटलं, "भातच न? साठ वर्षं भातच करून राह्यली मी."
सून हसली. हेही लिही, सुनंदा. (मले अक्षर येत नाई. मी सांगतो, सून लिहिते. वाक्य गाळलं तं समजते मले, पेन थांबते.)
डोहाळे पुरवले नाई तं लेकराची लाळ गळते.

१७ जाने.
दवाखाना. डॉक्टरीण म्हणे, माहेरी जायचं तं सातवा संपायच्या आत विमानात बसा. महिनाअखेरी काय ते सांगा.
पहिलं बाळंतपण माहेरी, हे जन्मभर मीच सांगत आली. सुनंदाले मीच पाठवलं होतं नाचणगावले. तिचं माहेर एसटीच्या वाटेवर, हिचं समुद्रात.
नातू अक्षय जहाजावर नोकरीले. तिथंच जमलं दोघांचं. एप्रिलशिवाय येत नाई. फोनवर म्हणते, "आजी, तिचं ती ठरवेल." मोठा शहाणा.
मले ती इथंच पाहिजे. गोड खाऊन रमली तं राहील. हे लिहू नको, सुनंदा.
(लिहिलं. — सु.)

१८ जाने., रवि.
पूजेच्या दुकानातून तीन नारळ. लोर्नानं सरळ कोयता उचलला. "आजी, मैं." मी ओरडलीच. पोटुशीनं नारळ फोडू नाई. ती घाबरून कोयता मागे लपवून उभी.
मग फोडायचा कोणी? माझा पोरगा भाजीच्या ठेल्यावर. सुनंदा म्हणे, "बायका नारळ फोडत नाईत, आई. तुम्हीच सांगितलं." माझंच माह्यावर.
मीच फोडला. पहिला घाव फरशीले. दुसऱ्यानं नारळ उडून मोरीत. तिसऱ्यानं फुटला. शेजारची मंदा कुंपणावरून, "काकू, कोनता नवस फेडून राह्यल्या?"
"समुद्राचा," म्हटलं.
खोबरं मिक्सरमधून काढून धोतराच्या फडक्यात पिळलं. इतकं दूध निघते हे मले या वयात समजलं. आजवर नुसता प्रसाद वाटला.
भंडाऱ्याकडचा बारीक तांदूळ. सात पाण्यांनी धुतला, पेज गाळली, मग दूध-गूळ. शीत अन् शीत वेगळं, जशा मोगऱ्याच्या कळ्या. घरच्यांनी ताटं चाटली. लोर्नानं दोन चमचे खाल्ले. "अच्छा है, आजी."
असं 'अच्छा' मी ओळखतो. मीही सासूले तसंच म्हणत होती.

२० जाने.
सरळ विचारलं तिले. तिनं दोन शितं घेतली, बोटात दाबली. सोडली तं दोन्ही अलग पडली. मान हलवली. "आजी, चिपकना चाहिए."
घ्या. या घरात चिकट भात म्हणजे सून फुहड. माझ्या सासूनं त्यापायी भाताचं अख्खं गंज उपडं केलं होतं माह्यासमोर. सुनंदालेही मी एकदा बोलली असेन.
(चारदा. — सु.)
पाणी बदलून बदलून अन् पेज गाळून मी चिकटपणाच सगळा काढून टाकला. पेज गेली मंदाच्या म्हशीले. म्हणजे बिको खाल्ला तो म्हशीनं.

२४ जाने.
अक्षयनं मागवलेला चिकट तांदूळ कुरियरनं आला. बुटका, खडूवानी पांढरा. एकच पाणी, म्हणे लोर्ना. माझा हात आपोआप दुसऱ्या पाण्याले गेला. तिनं मनगट धरलं. हसली पोरगी. पहिल्यांदा दात दिसले.
भिजत घातला.

२५ जाने., रवि.
आधी तांदूळ शिजवून घेतला. मग दूध-गूळ आटवून त्यात घातला अन् घोटणं सुरू. थांबायचंच नाई. उलथनं उभं राहाते इतकं घट्ट. मी, मग सुनंदा, मग मी. लोर्ना स्टुलावर बसून हुकूम सोडते, "और, आजी, और." सासू मेली तं वाटलं सुटली, अन् पाहा.
बाजूच्या कढईत नारळाचं घट्ट दूध तापवून तापवून तेल सुटलं, खाली चुरा बसला, लाल झाला. तो वरून घालायचा. भात केळीच्या पानावर थापला, वड्या पाडल्या.
तिनं तीन वड्या उभ्याउभ्या खाल्ल्या. मग खाली बसली अन् रडायले लागली. आईले फोन लावला. तासभर त्यांच्या बोलीत. मले फक्त 'आजी' समजे, पाच-सहा वेळा.
सुनंदा म्हणे, "आई, छान झाला न?"
छान झाला, तेच तं झालं! रमावी म्हणून केला, अन् मीच तिच्या हातात माहेर दिलं.
चौथी वडी खाल्ली मात्र. मोजून राह्यली होती मी.

२७ जाने.
वजन वाढलं. डॉक्टरीण खूश. "मग, तिकीट?" लोर्नानं माह्याकडं पाह्यलं. मी पंख्याकडं.
ऑटोनं परत निघालो. वाटेत बोरगाव आलं तेव्हा तिनं माह्या मांडीवर हात ठेवला. काऊन ठेवला असेल?

२८ जाने.
सकाळी मीच म्हटलं. "जा. पहिलं बाळंतपण माहेरी." सुनंदा चहा गाळता गाळता थांबली. लोर्नाले दोनदा सांगा लागलं.
ती म्हणे, "आजी भी."
"मी कुठं?"
"मेरे साथ. घर."
तिनं लगेच आईले दाखवलं फोनवर. गोल तोंडाची विहीण, हसरी. काहीतरी बोलली. लोर्ना सांगेना. दटावलं तेव्हा सांगितलं, मम्मी म्हणते चुरा थोडा जास्त जळला.
जळला! माह्या हातचा!
अक्षय म्हणते, पासपोर्टले अंगठा चालते. सुनंदा म्हणते, या वयात विमान? मग म्हणते, जाच तुम्ही. मग पुन्हा पहिलंच. परवा डॉक्टरणीले सांगायचं आहे. बॅग अजून माळ्यावरून काढली नाई कोणी.
एका वेळचा तांदूळ उरला आहे. आज भिजवू का, विचारलं लोर्नाले.
"पहले आप बोलो, आजी. चलोगी?"
सुनंदा, पेन ठेव जरा. विचार करून राह्यली मी.