राख काकीची, वाल तुझे

आये, निघालो होतो महाबळेश्वरला. पोलादपूरला गाडी चुकली म्हणून घरी आलो, तुला आता खोटं कशाला सांगू? तू गेल्याला सात वर्षं झाली, तरी शेजारची काकी तुझ्यावर अजून रुसलेली हाय. ते रुसणं माझ्यामुळं, म्हणून लिहायला बसलोय.

बियाण्याचे वाल आठवतात? तुझ्या माहेरचे. शेंगा वाळवून, झोडपून झाल्या, आणि मला एकच काम सांगितलंस: दाणे चार दिवस उन्हात घालायचे, दव पडायच्या आत उचलायचे. तुला दात नव्हते, म्हणून पारख माझ्या दातांवर. वाल कट्ट फुटला तर वाळला, दात रुतला तर परत उन्हात. नेमका तेव्हाच आंबेनळी घाटात ट्रक बंद पडला. उघडं इंजिन मी जन्मात बघितलं नव्हतं, आये! दोन दिवस ड्रायव्हरचे पाने धरत बसलो आणि वाल बसले दवात.

"वाळले काय रे?"

"वाळले."

"चाव बघू माझ्यासमोर."

गेल्या सालचा एक वाल मी आधीच गालात धरून ठेवलेला. कट्ट! तू म्हणालीस, "दात हायत का अडकित्ता!"

बियाण्याला कीड लागू नये म्हणून राख लावायची, आपली पुरेना म्हणून काकीकडून टोपलीभर आणलीस, वाल तिच्यात घोळून मडक्यात भरलेस. पावसाच्या तोंडाला मडकं उघडलं तर आत नुसती बुरशी, आणि वास असा की मांजर घर सोडून गेलं. तू तडक कुंपणाशी.

"ओली राख दिलीस गो! माझ्या माहेरचं बी घालवलंस!"

"ओली? मी काय चुलीत पाणी जाळते?"

लोक मूग गिळून बसतात, मी वाल गिळून बसलो. पुढं तुम्ही दोघी विहिरीवर पाठमोऱ्या पाणी काढायच्या, तू जाईपर्यंत.

आज काकीनं हाक मारली. सुपात वाल. "भांडणाच्या आधी तुझ्या आयनं मूठभर दिलेले. दर साली पेरते. पन राग गेला नाय हां माझा." मग सूप पुढं सरकवून म्हणाली, "माझे दात गेले. तू चाव."

चावला. दात रुतला. "ओले हायत," म्हटलं. राखेचं सांगायला तोंड उघडलं, तर तिनं दुसरा वाल पुढं केला. तोही चावला.

हे पत्र टाकू कुठं? खिशातच राहील. उद्याची गाडीही सोडली, उन्हात घातलेलं सूप मीच राखतोय. आंबेनळीत आज परत ट्रक बंद पडलाय म्हणतात. उठलो नाय, आये.

बरं, एकदा उठलो होतो.