खाडीतला ओटा

सासूबाई, तुमच्याशी बोलायचं ते भाजी निवडता निवडता, कागदावर कसं जमतंय कोण जाणे. सत्तर सालच्या आसपास मी लग्न होऊन उधन्याच्या खोलीत आले तेव्हा तुमचं गावी परतायचं ठरलेलंच होतं. मुलगा लूमवर बारा बारा तास, सुरतेच्या समुद्राला नुसता चिखल, आणि तिकडं खानदेशात तापीच्या खडकांत हात घालून मासे काढणाऱ्या बाईनं इथं करायचं काय? मला माहेरी आई नव्हती. तुम्ही जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मग एका सुट्टीला डुमसकडच्या खाडीत तुम्हांला तो मोडका धक्का सापडला. ओहोटीला उघडे पडलेले त्याचे ढासळलेले दगड, आणि भोवती लांबवर गाळ. गाळात उड्या मारणाऱ्या निवट्या, बाकी काही नाही. पण दगडांत? तुम्ही फटीत हात घालता आणि चाळीतले शेजारी दाखवावेत तशी एकेकाची ओळख करून देता. हा खेकडा भांडकुदळ, ही वाम घरकोंबडी. दगडाला चिकटलेली कालवं, त्यांच्या आडोशाला बोटभर पिल्लं. किती खुलला होता चेहरा.

तुम्हांला चिखलात उभं राहावं लागू नये म्हणून पुढच्या सुट्टीला मी ह्यांना आणि लूमवरच्या दोघांना घेऊन गेले, धक्क्याचे दगड काठावर ओढून झकास ओटा रचला. पंधरा दिवसांनी तुम्हांला दाखवायला नेलं, तर धक्क्याच्या जागी गाळ भरलेला, खेकडासुद्धा नाही. “मासासनं घर मोडीसन मन्हासाठे वटा बांधा का व?” मी रडायच्या बेतात. तुम्ही मात्र ओट्यावर फतकल मारलीत आणि हसत सुटलात. “बठाले मातर चांगला शे.”

मग काष्टा घट्ट करून दगड परत लावायला घेतलेत. मी एकावर एक नीट रचू लागले तर हातावर चापट. “भित नको बांधू. धाकलाले धाकली फट, मोठाले मोठी.” आणि ठरवून टाकलंत, सुनेनं मोडलेलं घर भरल्याशिवाय गावी जायचं नाही.

आधी दगडांवर शेवाळ आणि बारीक कालवं आली, मग पिल्लं, मग पिल्लांवर टपलेले खेकडे. मासेवाल्या बायका सांगायच्या, घर पुरतं भरलं की तांबोशी मासळी येते. “तांबोशी उनी का मी चालनू,” असं म्हणत तुम्ही दर खेपेला गावी निघायचं तिच्या येण्यावर ठेवायचात. पावसाळा सरल्यावर ती तुमच्या हाती लागली, पण तोवर मला सातवा लागला होता. तुम्ही जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला बसलात, आणि मग गेलाच नाहीत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहायला धीर होतोय. ती तांबोशी मला उन्हाळ्यातच दिसली होती. मोठ्या दगडाखाली, लालसर, कल्ले हलवत. तुम्ही पाठमोऱ्या होतात. मी पाय आपटून तिला आत पिटाळलं.